‘तुमचा रिफंड अडकला आहे’: खात्याचे तपशील मागणारा मेल आला, तर काय तपासायचं आणि काय करायचं

लक्षणं

मेलच्या विषयात ‘रिफंड मंजूर’, ‘रिफंड परत गेला’ किंवा ‘बँक खात्याची पडताळणी बाकी’ असं काहीतरी असतं. वर अशोकस्तंभ आणि इन्कम टॅक्सचं बोधचिन्ह, खाली ‘सीपीसी, बेंगळुरू’ (रिटर्न तपासणारं विभागाचं केंद्र) असा पत्ता. रक्कम अगदी रुपयापर्यंत नेमकी दिलेली असते, मुदत २४ किंवा ४८ तासांची, आणि मधोमध एक मोठं बटण. ते दाबलं की बँकांच्या चिन्हांची रांग दिसते. आपली बँक निवडली की नेटबँकिंगचा यूजर आयडी आणि पासवर्ड विचारला जातो, मग कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन आकडे, कधी एटीएमचा पिनसुद्धा. सगळ्यात शेवटी ओटीपी. ‘केवायसी संपली’, ‘मेलबॉक्स भरला, पासवर्ड पुन्हा टाका’, ‘नवीन ई-पॅन डाउनलोड करा’ हे याच मेलचे भाऊबंद. वरचं कव्हर बदलतं, आतली मागणी तीच.

हा मेल फसवतो, कारण त्याच सुमारास खरे मेलही येत असतात. बँकांचं विलीनीकरण होऊन आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदलला, पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर रिफंड खरोखरच अडकतो आणि तसं कळवणारा खरा मेल येतो. वाचणारा पैशांची वाट पाहतच असतो. त्यामुळे ‘असा मेल येऊच शकत नाही’ या समजुतीवर विसंबू नका.

चुकीचं इंग्रजी, तुटकी वाक्यं, अस्पष्ट चित्रं ही जुनी ओळखही आता मोडीत काढा. हल्लीच्या खोट्या मेलची भाषा बहुतेकदा स्वच्छ असते आणि बोधचिन्ह खऱ्या संकेतस्थळावरूनच उचललेलं असतं. नेमकी रक्कम दिली आहे म्हणजे पाठवणाऱ्याला आपलं रिटर्न माहीत आहे, असंही समजू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा संदेश देशभर फिरला. प्रत्येकाला आकडा तोच होता. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं.

पहिली तपासणी: मेल मागतोय काय

याला दहा सेकंद लागतात, म्हणून आधी हेच. रिफंड तुम्ही इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आधीच प्री-व्हॅलिडेट करून, म्हणजे पडताळून, ठेवलेल्या खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर लागत नाही, पिन लागत नाही, नेटबँकिंगचा पासवर्ड तर नाहीच. यूपीआयचा पिनही पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. मेलमध्ये किंवा त्यातून उघडलेल्या पानावर यातलं काहीही मागितलं असेल, तर निकाल लागला. पुढच्या तपासण्या करत बसू नका, सरळ ‘काय केलं गेलं आहे’ या भागाकडे जा.

दुसरी तपासणी: मेल बाजूला ठेवून आपल्या वाटेने खात्यात जा

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ते हे राहू द्या. मेल खरा की खोटा यावर डोकं लढवण्यापेक्षा त्यातली बातमी खरी आहे का, हे मूळ ठिकाणी जाऊन पाहणं सोपं असतं. मेल कितीही हुबेहूब असला, तरी खऱ्या पोर्टलवरच्या नोंदी त्याला बदलता येत नाहीत.

ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. लॉगिन करा. ‘ई-फाइल’ मधल्या ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’ मध्ये ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’ उघडा. रिटर्न कुठपर्यंत पोचलं, रिफंड निघाला की परत गेला, ते तिथे तारखांसकट दिसतं. खरंच परत गेला असेल, तर ‘सर्व्हिसेस’ मधून ‘रिफंड रीइश्यू’ ची विनंती टाकायची. तीही पोर्टलच्या आतूनच. प्रोफाइलमधल्या ‘माय बँक अकाउंट’ मध्ये कोणतं खातं रिफंडसाठी नेमलं आहे, हेही याच वेळी पाहून घ्या.

मेलमध्ये नोटीस असेल, तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, शोधा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर हा क्रमांक टाकण्याचा नियम आहे. पोर्टलच्या मुखपृष्ठावर नोटीस किंवा आदेश पडताळून पाहण्याची सोय आहे आणि तिला लॉगिनही लागत नाही. क्रमांक जुळला तर नोटीस खरी. मग ती घेऊन सीएकडे जा, उत्तर देण्याची मुदत चुकवू नका. खोट्या मेलच्या धास्तीने खऱ्या नोटिशीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचंही नुकसान होतं.

बँकेच्या नावाने आलेल्या मेलसाठीही हीच रीत: बँकेचं ॲप उघडा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. इथे एक चूक फार होते. बँकेचा ‘कस्टमर केअर’ नंबर गूगलवर शोधला जातो आणि वर दिसलेला पहिलाच नंबर फिरवला जातो. शोधनिकालांत आणि जाहिरातींत खोटे नंबर पेरलेले असतात. कार्ड, पासबुक किंवा ॲप, एवढ्याच तीन ठिकाणांहून नंबर घ्या.

तिसरी तपासणी: पत्ता उजवीकडून वाचा

मेल ॲपमध्ये आधी दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव, आणि नाव कुणालाही काहीही लावता येतं. नावावर किंवा त्याखालच्या बारीक बाणावर टिचकी मारली की खरा पत्ता दिसतो. त्यात ‘ॲट’ च्या चिन्हापुढचा भाग महत्त्वाचा, आणि तो उजव्या टोकाकडून वाचायचा.

सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ वर संपतो आणि हे शेपूट खासगी माणसाला विकत मिळत नाही. त्याच्या लगेच डावीकडे ‘इन्कमटॅक्स’ असायला हवं. त्याच्याही डावीकडे ‘सीपीसी डॉट’ असं काही असेल तर हरकत नाही, तो त्याच घरातला एक खण आहे. उलट ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-स्टेटस डॉट टॉप’ असा पत्ता असेल, तर घर ‘रिफंड-स्टेटस डॉट टॉप’ चं. डावीकडचं सगळं दारावर रंगवलेलं नाव. आपल्याला डावीकडून वाचायची सवय असते आणि फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याचं उजवं टोक कापलं जातं. ही चाल दोन्हींवर चालते.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट आणलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितलं. ते फक्त बँकांनाच मिळतं. त्यामुळे नेटबँकिंगचं पान ‘को डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ वर उघडलं आणि तिथे पासवर्ड मागितला, तर थांबा आणि ॲपमधून जा.

अक्षरांची लबाडीही पाहा. ‘एम’ च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले, तर लहान लिपीत फरक कळत नाही. ‘एल’ आणि मोठा ‘आय’ यांचंही तसंच. पत्ता कॉपी करून नोट्समध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवला की हे उघडं पडतं.

चौथी तपासणी: लिंक न उघडता वाचा

संगणकावर बटणावर माउस नुसता नेऊन ठेवा, खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. फोनवर बटण दाबून धरा, पत्त्यासकट पर्याय येतात. ‘एचटीटीपीएस’ नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे, वर सांगितल्याप्रमाणे वाचत या.

‘पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय म्हणजे संकेतस्थळ खरं’ हा समज अजून पक्का आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून त्या संकेतस्थळापर्यंतची वाट बंदिस्त आहे. पलीकडे चोर बसला असला, तरी वाट बंदिस्तच असते. हा गैरसमज तुटावा म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

एक फुकटची कसोटी अजून आहे. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल, तर तो खऱ्या पत्त्यावरच पासवर्ड आपोआप भरतो. नेहमी भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करू नका. आधी पत्ता पाहा. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते त्याला दिसतं.

पाचवी तपासणी: जोडलेली फाइल

खरं १४३(१) चं इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्यावर विभाग पाठवतो ती सूचना, पीडीएफ म्हणून येतं आणि ते उघडायला पासवर्ड लागतो: लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे. पण पीडीएफला कुलूप घालणं चोरालाही येतं, तेव्हा कुलूप हा पुरावा नव्हे.

‘एचटीएमएल’, म्हणजे वेबपानाची फाइल जोडलेली असेल, तर उघडू नका. ती उघडली की लॉगिनचं पान तुमच्याच यंत्रावरून दिसतं, त्यामुळे पत्त्याच्या पट्टीत संशयास्पद नाव येतच नाही. ‘एपीके’ म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. कोणतंही सरकारी खातं किंवा बँक ते मेलमधून पाठवत नाही. पीडीएफमध्ये क्यूआर कोड असेल, तर तोही लिंकच समजा. लिंक तपासणाऱ्या गाळण्या चुकवायला आणि तुम्हाला संगणकावरून फोनवर न्यायला तो घातलेला असतो.

सहावी तपासणी: मेलचं मूळ रूप

ही थोडी अवघड आहे आणि बहुतेकांना लागणारही नाही. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. मेल खरंच त्या पत्त्यावरून निघाला का, याच्या या चाचण्या. पत्ता इन्कम टॅक्सचा दिसतोय आणि डीमार्कपुढे ‘फेल’ आहे, तर पत्ता बहुधा बनावट आहे.

उलटं मात्र धरू नका. तिन्हींपुढे ‘पास’ असणं म्हणजे मेल त्यात दिसणाऱ्या पत्त्यावरूनच निघाला, एवढंच. चोराने स्वतःचा पत्ता विकत घेऊन नीट मांडला असेल, तर त्यालाही ‘पास’ मिळतो. एखाद्या खऱ्या कार्यालयाची मेलपेटी फोडून तिथून मेल सुटले असतील, तरीही ‘पास’ च दिसेल. म्हणून ही तपासणी दुसऱ्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

काय केलं गेलं आहे, त्यावर उपाय ठरतो

मदत मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: नेमकं काय टाइप केलं? ‘लिंक दाबली’ आणि ‘ओटीपी दिला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रागावून विचारलंत, तर अर्धी माहिती लपवली जाते आणि उपाय चुकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा.

मेल नुसता उघडला असेल: तीन ठिपक्यांतून ‘रिपोर्ट फिशिंग’ करा. उत्तर देऊ नका. ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका, तीही त्यांचीच लिंक असते. इन्कम टॅक्सच्या नावाचा मेल विभागाच्या ‘वेबमॅनेजर’ पत्त्यावर आणि सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या ‘इन्सिडेंट’ पत्त्यावर पाठवता येतो. दोन्ही पत्ते त्यांच्या संकेतस्थळांवरून घ्या.

लिंक उघडली, पण काही भरलं नाही: पान बंद करा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नवीन काही उतरलं असेल, तर न उघडता काढून टाका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी नव्या, अनोळखी पत्त्याला गेली आहे का पाहा. ‘अलाउ’ चुकून दाबलं गेलं असेल, तर पुढे आठवडाभर खोट्या सूचना येत राहतात आणि माणूस त्यांतल्या एखादीवर फसतो.

मेलचा पासवर्ड दिला: हे पैशांइतकंच गंभीर आहे, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याच्या लिंका याच पेटीत येतात. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. मग गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ मध्ये जाऊन अनोळखी यंत्रं साइन आउट करा. रिकव्हरीचा फोन आणि मेल आपलाच आहे ना, बघा. जोडलेली अनोळखी ॲपं काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे विसरतात. जीमेलच्या सगळ्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ आणि ‘फॉरवर्डिंग’ हे दोन्ही भाग उघडा. ‘बँकेचे मेल आले की कचऱ्यात टाक’ किंवा ‘प्रत्येक मेलची प्रत या पत्त्यावर पाठव’ असा नियम चोर आत असताना लावून ठेवतो. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम चालूच राहतो. ‘सगळं केलं तरी पुन्हा तेच होतंय’ असं होतं, तेव्हा पहिला संशय इथे घ्या. ‘ट्रॅश’ ही चाळा. तिथले मेल ३० दिवस राहतात, त्यामुळे चोराने काय दडवलं, ते अजून सापडू शकतं.

इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड दिला: तो बदला, प्रोफाइलमधला मोबाइल, मेल आणि बँक खातं तपासा, ‘ई-फाइलिंग व्हॉल्ट’ मधून लॉगिनला दुसरं कुलूप लावा. रिफंड निघायचा बाकी असेल, तर हे आजच करा.

नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा कार्डाचे तपशील दिले: आधी बँकेला फोन, कार्ड बंद. फोन लागेपर्यंत ॲपमधून कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा. ही कळ प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. नंतर लाभार्थ्यांच्या यादीत नवीन नाव घुसलं आहे का, व्यवहाराची मर्यादा वाढवली आहे का, ते पाहा. पैसे अजून गेले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. लाभार्थी आज जोडून पैसे दुसऱ्या दिवशी काढले जातात.

ओटीपी दिला किंवा पैसे गेले: १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं. १९३० वर नोंद झाली की ज्या खात्यात पैसे गेले, त्या बँकेपर्यंत सूचना जाते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने सरकतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार पूर्ण करा.

मेल काढून टाकू नका. ‘शो ओरिजिनल’ मधल्या ‘डाउनलोड ओरिजिनल’ ने त्याची फाइल जपून ठेवा. नुसता फॉरवर्ड केला, तर तो कुठून आला याच्या मूळ खुणा पुसल्या जातात आणि स्क्रीनशॉटमध्ये त्या नसतातच.

बँकेला लेखी कळवल्याची वेळ का जपायची? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवण्यापर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं, मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली, तरी लवकर कळवण्याने पुढचं नुकसान थांबतं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि ती विनाशुल्क असते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

एपीके बसवलं गेलं असेल आणि त्याला ‘ॲक्सेसिबिलिटी’ ची (पडदा वाचण्याची आणि चालवण्याची) किंवा मेसेज वाचण्याची परवानगी दिली असेल, तर घरी खटपट करू नका. त्या फोनवर नवा पासवर्ड टाकला, तर तोही चोराला दिसतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते पाहा, बँकेशी दुसऱ्या फोनवरून बोला आणि तक्रार नोंदवल्यावर जाणकाराकडून फोन पूर्ण पुसून घ्या. आधी पुसलात, तर पुरावाही जातो.

सिमचं नेटवर्क अचानक गेलं आणि परत येईना, तर तुमच्या नावाचं दुसरं सिम निघालं असण्याची शक्यता धरा. मोबाइल कंपनीच्या दुकानात स्वतः जा. बँकेला त्याआधी कळवा.

पासवर्ड ऑफिसच्या मेलचा असेल, तर स्वतःच दुरुस्त करू नका, आयटी विभागाला लगेच सांगा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना अशा घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. सीए किंवा करसल्लागाराचं लॉगिन गेलं असेल, तर त्यात अनेक अशिलांची खाती गुंतलेली असतात. त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवणं भाग आहे.

तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा’ असा फोन येऊ शकतो. कधी पोलिसांचं, कधी बँकेचं, कधी वकिलाचं नाव सांगून. आधीच्या फसवणुकीत तुमचा नंबर गेलेला असतो, त्यामुळे त्यांना रक्कमही बरोबर माहीत असते. तक्रार नोंदवायला किंवा रोखलेली रक्कम परत द्यायला पोलीस फोनवर फी मागत नाहीत.

पासवर्ड बदलता येतो. पॅन, आधार आणि जन्मतारीख बदलता येत नाही. हे तिन्ही त्या पानावर भरले गेले असतील, तर आधारचं बायोमेट्रिक आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून लॉक करा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं आहे का, ते पाहा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही एकदम काढण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांनी एक काढला, तर वर्षभर नजर राहते. अनोळखी कर्ज दिसलं, तर त्या रिपोर्टमधूनच हरकत नोंदवा, कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा आणि सायबर तक्रारीचा क्रमांक सोबत जोडा.